एकट्याने समुद्रकिनारी जाताना

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. पूर्वी साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी पंढरपूर, काशी किंवा लेकीच्या गावी निघण्यापूर्वी रक्तदाब तपासून घ्यायला येत. आता त्यांतील काही जण विचारतात, ‘‘डॉक्टर, कुठेतरी शांत समुद्रकिनारी चार दिवस एकट्यानेच राहावेसे वाटते. जाऊ का?’’ आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा किंवा सून येऊन म्हणते, ‘‘डॉक्टरसाहेब, आईले समजावून सांगा बरं तुमी.’’

दोघांचेही म्हणणे खरे असते. आयुष्यभर इतरांच्या वेळापत्रकाने जगलेल्या माणसाला चार दिवस स्वतःचे हवे असतात. आणि वय, आजार व अंतर यांचा विचार करून घरच्यांचा जीव धास्तावतो. अशा वेळी डॉक्टरने केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे पुरेसे नसते. कोणी जावे, कोठे जावे, कोणती तयारी करून जावे आणि घरच्यांनी या तयारीत कोणता वाटा उचलावा, हे सांगणे त्याचे काम आहे. या लेखाचा हेतू तोच आहे.

हवापालट: जुना शब्द, जुने औषध

आपल्या भाषेत ‘हवापालट’ हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. प्रतिजैविके नव्हती त्या काळी क्षयाच्या रुग्णांना डोंगरावरच्या कोरड्या हवेत पाठवीत असत. इंग्लंडमध्ये १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर ब्रायटनच्या किनाऱ्यावर रुग्णांची रीघ लागली. समुद्राचे पाणी पिऊन गाठी बऱ्या होतात, हे रसेल यांचे मत पुढे टिकले नाही. परंतु मोकळी हवा, रोजचे चालणे, पुरेशी झोप आणि नेहमीच्या व्यापापासून सुटका यांचे मोल आजही कमी झालेले नाही.

आम्हां वऱ्हाडकरांची हवापालट म्हणजे चिखलदरा. समुद्र आमच्यापासून दूर. अकोला किंवा अमरावतीहून मुंबईच रेल्वेने सुमारे सहाशे ते पावणेसातशे किलोमीटर. त्यामुळे पूर्णा आणि वर्धा या नद्यांचा स्वभाव आम्हांला ठाऊक असतो, समुद्राचा नसतो. कोरडे ऊन आमच्या अंगवळणी पडलेले असते, दमट ऊन नसते. वऱ्हाडातील ज्येष्ठ माणूस कोकणच्या किनाऱ्यावर एकटा जातो तेव्हा त्याच्या प्रकृतीपुढचा खरा प्रश्न हा असतो.

एकांत आणि एकाकीपणा

अचलपूर परिसरातील एक निवृत्त शिक्षिका माझ्या जुन्या रुग्ण आहेत. वय ६८. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पतीची सहा वर्षे त्यांनी सेवा केली. कूस बदलणे, भरवणे, रात्री दोनदा उठणे, सारे त्याच करीत. पती गेल्यानंतर दीड वर्षाने त्यांनी समुद्रावर एकटीने जाण्याचा विचार बोलून दाखवला. ‘‘आजवर जिथं गेली, तिथं कोणासंगं तरी, कोणासाठी तरी गेली. एकदा मायी मी जाऊन पाहतो,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

एकाकीपणा आणि एकांत यांतील फरक येथे ध्यानात घ्यावा. सोबत हवी असताना ती न मिळणे हा एकाकीपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला तो छळतो आणि शरीरावरही त्याचा परिणाम होतो. एकांत मात्र आपण स्वेच्छेने निवडतो आणि हवा तेव्हा त्यातून परतही येतो. दीर्घकाळ रुग्णसेवा केलेल्या व्यक्तीला असा एकांत विश्रांतीसारखा लाभदायक ठरू शकतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. शांततेत दडपलेले दुःखही वर येते. जिची झोप व भूक गेली आहे, जिला कशातच रस उरलेला नाही किंवा जिच्या मनात ‘आता जगून काय करायचे’ असे विचार येतात, अशा व्यक्तीला निर्जन किनाऱ्यावर एकटे पाठवू नये. तिला आधी उपचार हवेत. मानसिक आरोग्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. या बाईंशी मी दोन वेळा सविस्तर बोललो. त्यांना दुःख होते, पण नैराश्य नव्हते. मग आम्ही जागेचा विचार सुरू केला.

जागा कशी निवडावी?

त्यांनी निवडलेले गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. बाणकोटच्या खाडीजवळचा येथील किनारा ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांसाठी ओळखला जातो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या सहकार्याने २००२ साली येथे कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून येथे कासव महोत्सव होऊ लागला. त्या दिवसांत, विशेषतः शनिवार-रविवारी, गावात पाहुण्यांची वर्दळ असते. एरवी गाव शांत असते. मोठी हॉटेले नाहीत. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात.

ज्येष्ठांच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एकट्या प्रवाशाला हॉटेलच्या बंद खोलीत चक्कर आली, तर सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. कुटुंबाच्या घरात उतरलेला पाहुणा चहाला आला नाही, तर दार वाजते. म्हणून शांत गाव निवडताना पुढील गोष्टी आधी फोनवर विचारून घ्याव्यात:

• घरात माणसे राहतात का? खोली तळमजल्यावर आहे का?
• शौचालय खोलीला लागून आहे का, कमोड आहे का, रात्री दिवा राहतो का?
• घरापासून किनारा किती अंतरावर आहे आणि वाट कशी आहे?
• मोबाइलला कोणत्या कंपनीची रेंज मिळते? घरमालकांचा दुसरा क्रमांक कोणता?
• सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व औषधांचे दुकान कोठे आहे? रात्री वाहन मिळते का?

किनारा जितका शांत, तितके रुग्णालय दूर, असा साधारण नियम आहे. तेथे जीवरक्षक नसतो आणि हाकेला ओ देणारे माणूसही दूर असते. शांततेची ही किंमत आधीच ओळखून तयारी करावी.

जाण्यापूर्वीची तपासणी

कागदावरचे वय मी फारसे मोजत नाही. शरीर काय करू शकते ते पाहतो. घरी करता येतील अशा दोन चाचण्या आहेत. पहिली: सपाट रस्त्यावर अर्धा तास न थांबता चालता येते का, आणि दोन मजले चढताना छातीत दुखणे किंवा धाप लागणे होत नाही ना? दुसरी: खुर्चीतून उठून तीन मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. एवढ्यासाठी १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. ही चाचणी जवळ कोणीतरी उभे असतानाच करावी.

डॉक्टरांकडे रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही स्थितींत मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक अंशांनी घसरत असेल, तर प्रवासापूर्वी औषधांचा फेरविचार हवा. मधुमेहींनी साखरेसोबत तळपायांची संवेदनाही तपासून घ्यावी. मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातील सोडियम-पोटॅशियम पाहिलेले असल्यास उत्तम.

पुढील व्यक्तींनी तूर्त एकट्याने जाऊ नये, सोबत घेऊनच जावे: अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, गेल्या काही महिन्यांत बेशुद्ध पडलेले, फिट आलेले किंवा वारंवार पडणारे, ज्यांची साखर न कळता एकदम उतरते असे मधुमेही, आणि ज्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असे. ओळखीच्या बाजारात वाट चुकणारी व्यक्ती अनोळखी किनाऱ्यावर नक्कीच चुकेल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर नेत्रतज्ज्ञांनी परवानगी देईपर्यंत वाळू व समुद्राच्या पाण्यापासून दूर राहावे.

कूलर येथे का चालत नाही?

‘‘आम्ही अकोल्याचा उन्हाळा काढतो, कोकणातले ऊन ते काय!’’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. वऱ्हाडात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि कोकण किनाऱ्यावर तो बहुतेकदा ३२ ते ३५ अंशांच्या आसपास राहतो, हे खरे. तरीही फसगत होते. आपल्या घरातील कूलर आठवावा. वाळ्याच्या ताट्यांवरील पाणी कोरड्या हवेत झपाट्याने उडते आणि हवा थंड होते. तोच कूलर पावसाळ्यात लावला तर खोली फक्त ओलसर होते. आपले शरीरही घाम उडवून थंड होते. कोकणच्या दमट हवेत घाम येतो, पण उडत नाही. अंगावरून नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, शरीर मात्र थंड होत नाही.

वाढत्या वयात तहान कमी लागते आणि घामाची यंत्रणाही मंदावते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी अधिकच घटते. या गोळ्या मनाने बंद करू नयेत. उलट्या, जुलाब किंवा चक्कर झाल्यास कोणती गोळी थांबवायची, कोणती चालू ठेवायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

किनाऱ्यावर जाण्याच्या वेळा दोनच ठेवाव्यात: सकाळी नऊपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि सोबत पाण्याची बाटली असावी. डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे किंवा चक्कर जाणवल्यास ताबडतोब सावलीत बसावे, शक्यतो आडवे होऊन पाय उंच करावेत आणि घोट घोट पाणी घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

शहाळे, सरबत आणि मीठ

किनाऱ्यावर शहाळे प्यावेसे वाटणारच, आणि बहुतेकांनी रोज एक प्यायला हरकत नाही. मात्र एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे किंवा ज्यांना स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते. मधुमेहींनी त्यातील साखर दिवसाच्या हिशेबात धरावी.

दुसरी चूक म्हणजे खूप घाम आला म्हणून नुसते साधे पाणी भरपूर पिणे. लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धांमध्ये त्यामुळे सोडियम उतरून गुंगी व गोंधळ होऊ शकतो. अशा वेळी मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, ताक किंवा ओआरएस उपयोगी पडते. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. ते रोजचे पेय नव्हे; हृदय कमकुवत असलेल्यांनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सुकी मासळी, लोणची व पापड यांत मीठ फार असते, याचीही रक्तदाबाच्या रुग्णांनी आठवण ठेवावी. ज्यांनी कधी कोळंबी किंवा खेकडा खाल्लेला नाही, त्यांनी एकट्याच्या प्रवासात त्याची पहिली चव घेऊ नये. ॲलर्जी उद्भवली तर मदत दूर असते.

वाळू आणि पाऊल

कोरड्या, मऊ वाळूत चालण्यासाठी कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. घरी तीन किलोमीटर चालणाऱ्याने वाळूत एका किलोमीटरपासून सुरुवात करावी. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू चालण्यास सोपी असते. दम लागल्यास थांबावे, बसावे. अंतर पुरे करण्याचा हट्ट धरू नये. गुडघेदुखी असणाऱ्यांनी काठी जरूर घ्यावी.

मधुमेहींनी मात्र वाळूवरही अनवाणी चालू नये. संवेदना कमी झालेल्या तळव्याला तापलेली वाळू कळत नाही; शिंपल्याची धार किंवा खडकावरील कालवांचे कापणेही कळत नाही. पूर्ण बंद, पाण्यात चालतील अशी पादत्राणे घालावीत, परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, आरशात तळवे पाहावेत. समुद्राच्या पाण्यात झालेली लहानशी जखमही मधुमेही व यकृताच्या रुग्णांत वेगाने चिघळू शकते. लाली पसरू लागली, फोड आले किंवा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासा असू शकतो. पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालल्यास तो दूर जातो. काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवल्याने वेदना कमी होतात. पण पाणी किती गरम आहे ते मधुमेहींनी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे. त्यानंतर जखम डॉक्टरांना दाखवावी. जेलीफिशचा दंश झाल्यास वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि श्वासाला त्रास वाटल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. संध्याकाळी परतताना विजेरी आणि बंद बूट हवेतच. कोकणात फुरसे हा विषारी साप आढळतो आणि तो पालापाचोळ्यात दिसत नाही.

पंचांगातील भरती-ओहोटी

नदीचा पूर वर कोठेतरी झालेल्या पावसावर अवलंबून असतो. समुद्राचे पाणी मात्र वेळेवर येते आणि वेळेवर जाते. दिवसातून साधारण दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरील लोक त्यासाठी एक सोपा हिशेब वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. घरात पंचांग असणाऱ्या आपल्या वाचकांना हे सहज जमेल. हा केवळ अंदाज आहे; नेमकी वेळ गावातील मच्छीमारांना विचारावी. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढते.

एकट्या ज्येष्ठाने पाण्यात घोट्यापर्यंतच उतरावे, तेही पाणी शांत असताना. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि तोल जातो. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. खाडीच्या मुखाजवळ, ओल्या खडकांवर आणि भरती चढत असताना टोकाच्या पुळणीवर जाऊ नये. पावसाळ्यात किनाऱ्याची वाटच धरू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्यामागे माशांच्या पैदाशीसोबत खवळलेला समुद्र हेही कारण आहे. आपल्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, मार्च चालण्याजोगा.

प्रवास आणि औषधांची पिशवी

या बाईंनी बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, भाच्याकडे पूर्ण एक दिवस विश्रांती घेतली आणि मग एस.टी.ने मंडणगडमार्गे वेळासला गेल्या. मधल्या विश्रांतीचा हा दिवस मी आग्रहाने ठेवायला लावला. रेल्वेचे आरक्षण करताना वय नीट नोंदवावे. ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे. राज्याच्या एस.टी.त ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे लागते. ओळखपत्र जवळ असावे. प्रवासात तासाभराने उठून फिरावे किंवा बसल्या जागी घोटे वर-खाली करावेत, म्हणजे पायांच्या शिरांत रक्त साकळत नाही. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नये.

औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा एक आठवडा अधिकची घ्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत. सोबत औषधांच्या नावांचा व मात्रांचा कागद, अलीकडचा ईसीजी, रक्तगट, ॲलर्जीची नोंद आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक असावेत. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. आपल्याकडे ते ओल्या मडक्यात ठेवण्याची युक्ती चालते. दमट हवेत, कूलरप्रमाणेच, ती कमी पडते. म्हणून यजमानांच्या फ्रिजच्या दारात ते ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात नव्हे, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

तिसऱ्या दिवशी काय झाले

बाईंचे पहिले दोन दिवस फार चांगले गेले. पहाटे उठून किनारा, परत येऊन न्याहारी, दुपारी वाचन, संध्याकाळी पुन्हा किनारा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंमळ दूरवर गेल्या आणि परतताना ऊन चढले. सुरूच्या झाडांपाशी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मोबाइलला रेंज नव्हती. त्या झाडाला टेकून खाली बसल्या आणि तशाच बसून राहिल्या.

घरातून निघताना त्यांनी यजमानीणबाईंना सांगितले होते, ‘नऊ वाजता परत येईन.’ साडेनऊ झाले तरी पाहुण्या आल्या नाहीत, म्हणून घरातला मुलगा बाटलीत सरबत घेऊन शोधायला निघाला. पंधरा मिनिटांत तो त्यांच्यापाशी होता. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या यंत्रावर रक्तदाब मोजला, तो ९८/६० भरला. त्यांना रक्तदाबासाठी जी गोळी चालू होती, तिच्यात लघवी वाढवणारे औषधही होते. यजमानांच्या फोनवरून त्या माझ्याशी बोलल्या. दिवसभर विश्रांती, मीठ घातलेले सरबत, दर चार तासांनी मोजमाप, आणि दुसऱ्या दिवशीची गोळी आकडा कळवल्यानंतरच, असे ठरले. संध्याकाळी आकडा पूर्ववत झाला. उरलेला मुक्काम त्यांनी ठरल्याप्रमाणे पूर्ण केला.

औषध, यंत्र आणि माझा सल्ला यांचा उपयोग झालाच. परंतु त्यांच्यापर्यंत मदत पोहोचली ती ‘नऊ वाजता परत येईन’ या एका वाक्यामुळे. एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाने बाहेर पडताना कोठे जातो आणि कधी परततो, हे कोणाला तरी सांगावे. रेंज नसेल तेथे एक शिट्टीही गळ्यात असावी.

घरच्यांसाठी

वेळासला कासवाच्या घरट्याभोवती कार्यकर्ते जाळी उभारतात, म्हणजे कुत्री-कोल्हे अंडी उकरत नाहीत. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की त्यांना उचलून थेट पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात, वाट मोकळी ठेवतात, पाहणाऱ्यांना दोरीमागे उभे करतात, आणि समुद्रापर्यंतचे अंतर पिल्लू स्वतः चालून जाते. या बाईंनी परत आल्यावर मला हे सांगितले. काळजीवाहकांनी यातून घ्यावे असे पुष्कळ आहे.

घरच्यांनी दिवसातून एकच वेळ ठरवावी, समजा रात्री आठ. त्या वेळी फोन आला नाही, तर यजमानांना फोन करावा. दिवसभर दर तासाला ‘पोहोचलीस का, जेवलीस का’ असे विचारल्याने धोका कमी होत नाही. फक्त विश्रांती मोडते. अडचणीत १०८ ही रुग्णवाहिका सेवा, ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आई-वडिलांच्या मोबाइलमध्ये आधीच नोंदवून द्यावी. पहिल्या वेळी थेट कोकण न गाठता चिखलदऱ्याला दोन रात्री एकट्याने राहून पाहणे ही चांगली रंगीत तालीम होते.

आणि जे वाचक स्वतःच कोणाची तरी शुश्रूषा करीत आहेत, त्यांच्यासाठी एक शब्द. आपला रुग्ण जाण्याची वाट पाहून मग विश्रांती घ्यावी, असा काही नियम नाही. वर्षातून चार दिवस बहीण, दीर किंवा प्रशिक्षित परिचारिका यांच्यावर काम सोपवून बाहेर पडता येते. त्याची व्यवस्था करणे ही घरातील इतरांची जबाबदारी आहे. थकलेल्या हातांनी केलेल्या सेवेत औषधाची मात्रा चुकते, तोल सुटतो आणि दोघेही आजारी पडतात.

निघण्यापूर्वी एकदा पाहा

• डॉक्टरांची तपासणी आणि औषधांच्या सूचनांचा कागद
• घरात माणसे असलेले, तळमजल्यावरील निवासस्थान
• एक आठवड्याची जादा औषधे, रक्तदाब व साखर मोजण्याची यंत्रे, ओआरएस
• बंद पादत्राणे, काठी, टोपी, विजेरी, शिट्टी
• भरती-ओहोटीच्या वेळा
• रात्रीच्या फोनची ठरलेली वेळ
• बाहेर पडताना परतीची वेळ सांगण्याची सवय

येथे दिलेली माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येकाची प्रकृती व औषधे निराळी असतात, म्हणून अंतिम निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. परंतु त्या भेटीत ‘मी जाऊ का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘मला जायचे आहे, तयारी काय करू?’ असे विचारावे. त्यावर मिळणारे उत्तर आपल्या अधिक उपयोगी पडेल.